जाहिरातीसाठीं संगणकाचीं विनामूल्य चित्रें

आपल्या वार्षिक अंकाचीं शेवटचीं पानें फारसें कोणी मन लावून वाचीत नाहीं. तेथें गांवांतील दुकानदारांच्या व पालकांच्या जाहिराती असतात. कोठें कापडाचें दुकान, कोठें वह्या-पुस्तकांचें, कोठें औषधांचें, आणि अलीकडे संगणकाच्या विक्री-दुरुस्तीचें. परंतु या पानांच्या उत्पन्नावरच पुढच्या पानांचा कागद व छपाई पुष्कळशी भागते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांस हलकें लेखणें योग्य नव्हे. शिवाय या जाहिरातींत घालावयाचीं चित्रें हल्लीं बहुधा आपले विद्यार्थीच वडिलांना इंटरनेटवरून शोधून देतात. म्हणून जाहिरातीच्या चित्रांचा हा विषय पालकांचा आहे तितकाच विद्यार्थ्यांचाही आहे.

या विषयाकडे माझें लक्ष कसें वेधलें तें प्रथम सांगतों. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें बाजारपेठेंत लहानसें दुकान थाटलें. लहान कचेऱ्यांना संगणक पुरविणें, त्यांची दुरुस्ती करणें व त्यांना सर्व्हर बसवून देणें हा त्याचा उद्योग. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारा संगणक. पंगतींत जसा वाढपी असतो, ज्याला जें हवें तें त्याच्या पानांत नेऊन वाढतो, तसाच हा. एका कचेरींत दहा मेजांवर दहा संगणक असले, तरी हिशेबाची मुख्य वही एका सर्व्हरवर राहते आणि सर्वांना तेथूनच मिळते.

दुकानाच्या उद्घाटनासाठीं त्यानें हस्तपत्रकें छापलीं. त्यावर एक मोठें देखणें चित्र होतें: लांबच लांब दालन, दोहों बाजूंस काळ्या कपाटांच्या रांगा, आणि त्यांत लुकलुकणारे निळे दिवे. हें चित्र त्याला इंटरनेटवर शोधतांना पहिल्या पानावरच सांपडलें होतें. पुढें दोन गोष्टी घडल्या. एका पतपेढीचे चिटणीस पत्रक हातांत घेऊन दुकानांत आले व म्हणाले, "आमचे हिशेब या खोलींत राहणार असतील, तर एकदां ही खोली आम्हांला दाखवा." दुकानांत एकच सर्व्हर होता आणि तोही मेजाखालीं. मुलानें खरें तें सांगितलें. चिटणीस सभ्य गृहस्थ होते. त्यांनीं चहा घेतला, दोन शब्द चांगलेच बोलले आणि गेले. पतपेढीचें काम दुसऱ्याकडे गेलें. त्यानंतर महिन्याभरानें चित्राच्या मालकाच्या वतीनें पत्र आलें कीं, आमचें चित्र आपण व्यापारासाठीं वापरलें आहे, तरी त्याचा मोबदला द्यावा.

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, चित्राखालीं किंमत लिहिलेली नव्हती. मी तें फुकटच समजलों." त्याला रागें भरावें असें क्षणभर मनांत आलें, परंतु लगेच आठवलें कीं, शाळेंत असतांना प्रकल्पाच्या वहींत इंटरनेटवरचीं चित्रें चिकटविण्यास त्याला मींच सांगितलें होतें, आणि तीं कोणाचीं हें एकदांही विचारलें नव्हतें. ही चूक निदान पुढच्या मुलांच्या बाबतींत होऊं नये, एवढ्यासाठीं त्यानंतर जें वाचलें व पडताळून पाहिलें, तें येथें देत आहें.

जुन्या मराठी पुस्तकांत 'सर्व हक्क स्वाधीन' असे शब्द छापलेले असत. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हे शब्द असतील तरच हक्क असतो, एरव्हीं नसतो. आपल्या देशाचा १९५७ सालचा स्वामित्वहक्काचा कायदा असें म्हणत नाहीं. छायाचित्र ही त्या कायद्याच्या दृष्टीनें एक कलाकृति आहे, आणि ती निर्माण होतांच तीवर हक्क उत्पन्न होतो. त्यासाठीं नोंदणीची सक्ति नाहीं, कीं चित्राखालीं कांहीं लिहिण्याची आवश्यकता नाहीं. २०१२ सालच्या दुरुस्तीपासून छायाचित्रावरील हक्क इतर कलाकृतींप्रमाणेंच कर्त्याच्या हयातभर व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें राहतो. चित्र परदेशांतील असलें तरी सुटका नाहीं. कारण १८८६ सालीं झालेल्या बर्न करारांत भारतही सामील आहे व त्या करारांतील देश एकमेकांच्या कर्त्यांचे हक्क मानतात.

याच कायद्यांत शिक्षक व विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघांत दुसऱ्याची कृति वापरण्याची सवलत दिलेली आहे. म्हणजे वहींत चित्र चिकटविलें हा अपराध नव्हे. परंतु वहीची सवलत दुकानास लागू पडत नाहीं, आणि आमची चूक नेमकी येथेंच झाली. जाणूनबुजून हक्कभंग करणारास कायद्यानें ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० पासून २,००,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हक्कभंग व्यापारांतील लाभासाठीं झालेला नसेल तर न्यायालयास शिक्षा कमी करतां येते. पण जाहिरात ही व्यापारांतील लाभासाठींच असते, हें उघड आहे.

मग विनामूल्य चित्रें नाहींतच कीं काय? आहेत, आणि विपुल आहेत. फक्त एक गोष्ट मनांत पक्की ठसली पाहिजे. विनामूल्य वस्तूलाही दाता असतो. तो कोण आणि त्यानें काय लिहून दिलें आहे, हें पाहिल्यावांचून ती वस्तु घेऊं नये. ज्या वर्ल्ड वाइड वेबवर आपण हीं चित्रें शोधतों, तिचेंच उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळ सर्न नांवाची संशोधनसंस्था आहे. तेथें टिम बर्नर्स-ली यांनीं वेब निर्माण केली. ती सर्वांनीं फुकट वापरावी असें सर्नला वाटलें, तेव्हां संस्थेनें ३० एप्रिल १९९३ रोजीं तसें लेखी जाहीर केलें. दान तोंडी राहिलें नाहीं, म्हणूनच साऱ्या जगाला तें निःशंकपणें घेतां आलें. चित्रांचेंही असेंच आहे.

विनामूल्य चित्रांचे सोयीसाठीं तीन वर्ग पाडतां येतील.

पहिला वर्ग, ज्यांवर कोणाचाच हक्क उरलेला नाहीं किंवा मुळांतच नाहीं, अशा चित्रांचा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें तेथील मध्यवर्ती सरकारच्या नोकरांनीं सरकारी कामांत काढलेल्या छायाचित्रांवर त्या देशांत स्वामित्वहक्क लागत नाहीं. संगणकाच्या जाहिरातीस उपयोगी अशीं कितीतरी चित्रें यामुळें मोकळीं झालीं आहेत. १९४६ सालीं फिलाडेल्फिया येथें जगापुढें आलेला एनियाक हा संगणक अमेरिकेच्या सैन्यासाठीं बांधलेला होता. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याचें वजन सुमारें ३० टन होतें. त्याच्यापुढें उभ्या राहून तारा जोडणाऱ्या स्त्रियांचीं सैन्यानें काढलेलीं छायाचित्रें आज कोणालाही वापरतां येतात. नासा या संस्थेनें २००४ सालीं कॅलिफोर्नियांत 'कोलंबिया' नांवाचा महासंगणक उभारला. त्यांत १०,२४० प्रक्रियक होते, आणि त्याच्या वीस भागांपैकीं एकास आपल्या कर्नाल गांवच्या कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ 'कल्पना' असें नांव दिलेलें होतें. त्याच्या कपाटांच्या रांगांचीं नासाचीं छायाचित्रें मिळतात व तीं फार सुरेख आहेत. मात्र नासाचें बोधचिन्ह जाहिरातींत घालतां येत नाहीं, आणि नासा आमच्या मालाची शिफारस करते असा भास होईल अशा रीतीनेंही चित्र वापरतां येत नाहीं.

हा अमेरिकेचा नियम आपल्याकडेही असेल असें मात्र समजूं नये. आपल्या कायद्याप्रमाणें सरकारच्या कृतीवर सरकारचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षें राहतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक आपल्या अभिमानाचा विषय आहे. परंतु त्याचें छायाचित्र संस्थेच्या पानावर दिसलें, एवढ्यावरून तें दुकानाच्या पाटीवर घालतां येणार नाहीं. त्यासाठीं परवानगीच मागितली पाहिजे.

दुसरा वर्ग, कर्त्यानें स्वतः अटी घालून मोकळ्या केलेल्या चित्रांचा. यासाठीं क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने जगभर चालतात. ही संस्था २००१ सालीं स्थापन झाली व तिचे पहिले परवाने २००२ च्या अखेरीस निघाले. त्यांत चार खुणा आहेत, त्या विद्यार्थ्यांनीं पाढ्याप्रमाणें पाठ कराव्यात. 'बाय' म्हणजे कर्त्याचें नांव द्या. 'एसए' म्हणजे चित्रांत फेरफार करून नवें चित्र केलेंत, तर तेंही याच परवान्यानें इतरांना द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारासाठीं वापरूं नका. 'एनडी' म्हणजे फेरफार केलेलें चित्र प्रसिद्ध करूं नका. जाहिरात करणाऱ्यानें 'एनसी' हीं अक्षरें दिसतांच तें चित्र सोडून द्यावें. 'एनडी' असेल तर त्यावर दुकानाचें नांव रंगवून त्याचें दुसरेंच चित्र बनवितां येत नाहीं, म्हणून तेंही बहुधा निरुपयोगी. नुसतें 'बाय' असेल तर तें खुशाल घ्यावें; मात्र चित्राचें नांव, कर्त्याचें नांव, तें जेथून घेतलें तें ठिकाण व परवान्याचें नांव एवढें बारीक अक्षरांत छापावें. याच संस्थेनें 'सीसी झीरो' नांवाचें एक घोषणापत्रही तयार केलें आहे. त्याअन्वयें कर्ता आपले सर्व हक्क, कायदा परवानगी देईल तितके, सोडून देतो. तेथें नांव देण्याची सक्ति नाहीं. पण दिल्यास शोभतेंच.

तिसरा वर्ग, कांहीं चित्रभांडारांच्या स्वतःच्या परवान्यांचा. पिक्साबे, पेक्सेल्स व अनस्प्लॅश हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. यांचीं चित्रें व्यापारासाठींही बिनपैशानें वापरतां येतात व नांव देण्याची सक्ति नाहीं. तथापि यांच्याही अटी आहेत. चित्र आहे तसेंच विकतां येत नाहीं. चित्रांतील ओळखूं येणाऱ्या मनुष्याची निंदा होईल किंवा तो आपल्या मालाची शिफारस करीत आहे असें दिसेल, असा उपयोग करतां येत नाहीं. अटी बदलतातही. पिक्साबे व अनस्प्लॅश हीं दोन्ही भांडारें पूर्वीं 'सीसी झीरो' वापरीत. अनस्प्लॅशनें २०१७ सालीं आणि पिक्साबेनें २०१९ सालीं आपला वेगळा परवाना लागू केला. म्हणून चित्र ज्या दिवशीं घेतलें, त्या दिवशींचा परवाना पाहून ठेवावा.

आतां प्रत्यक्ष शोध कसा करावा तें सांगतों. २००४ सालीं सुरू झालेलें विकिमीडिया कॉमन्स हें सर्वांत सोयीचें ठिकाण. कारण व्यापारास मनाई असलेल्या परवान्याचीं चित्रें तेथें मुळांत घेतच नाहींत, आणि प्रत्येक चित्राखालीं कर्ता व परवाना लिहिलेला असतो. ओपनव्हर्स नांवाचें शोधयंत्र अनेक भांडारांतील अशीं चित्रें एकाच वेळीं शोधून देतें, व 'व्यापारी उपयोगास चालणारीं' एवढींच निवडण्याची त्यांत सोय आहे. गूगलच्या चित्रशोधांतही वापराच्या हक्काप्रमाणें निवड करण्याची सोय आहे. परंतु तेथें मिळालेला परवाना मूळ पानावर जाऊन पुन्हां पाहिलाच पाहिजे. गूगल हा चित्र दाखविणारा आहे, देणारा नव्हे.

शोधाचे शब्द इंग्रजींत घालावे लागतात, कारण बहुतेक चित्रांचीं नांवें त्याच भाषेंत असतात. नुसता 'कॉम्प्युटर' हा शब्द घातला तर चित्रांचा पूर लोटतो. त्यापेक्षां 'सर्व्हर रॅक', 'डेटा सेंटर', 'नेटवर्क स्विच', 'मदरबोर्ड' असे नेमके शब्द घालावे. येथें जाणत्यासही चकविणारी एक गोष्ट आहे. ज्यांतून निळ्या-पिवळ्या तारांचे झुबके बाहेर पडलेले दिसतात, त्या पेटीस पुष्कळ ठिकाणीं सर्व्हर म्हटलेलें असतें. वस्तुतः तो बहुधा स्विच असतो, म्हणजे संगणकांना एकमेकांशीं जोडणारें यंत्र. जाणता गिऱ्हाईक अशी चूक पाहून हंसतो व दुकानदाराच्या ज्ञानाविषयीं शंका घेतो.

चित्र सांपडल्यावर तें खरोखर देणाऱ्याचेंच आहे काय, हेंही पाहावें. दुसऱ्याचें चित्र आपलें म्हणून भांडारांत टाकणारे लोक आहेत. चित्रावरून शोध करण्याची सोय गूगलमध्यें आहे. तेंच चित्र एखाद्या विकत देणाऱ्या संस्थेकडे आढळलें, तर तें टाकून दुसरें शोधावें. तसेंच यंत्रावर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचें बोधचिन्ह ठळक दिसत असेल, तर चित्राचा परवाना त्या चिन्हास लागू पडत नाहीं. आपण त्या कंपनीचे अधिकृत विक्रेते नसतांना तसें भासविणें बरें नव्हे.

छापखान्याच्या दृष्टीनेंही एक गोष्ट लक्षांत ठेवावी. संगणकाच्या पडद्यावर सुंदर दिसणारें चित्र कागदावर धूसर उतरतें, अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. याचें कारण साधें आहे. चित्र हें पिक्सेल नांवाच्या बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें, व चांगल्या छपाईस दर इंचास सुमारें ३०० ठिपके लागतात. म्हणजे ६ इंच रुंदीच्या जाहिरातीस १,८०० पिक्सेल रुंदीचें चित्र हवें. आणि ए-४ आकाराचें पूर्ण पान भरावयाचें तर २,४८० गुणिलें ३,५०८ पिक्सेल हवेत. शोधाच्या पानावर दिसणारी छोटी प्रतिमा उतरवून घेऊं नये. मूळ पानावर जाऊन सर्वांत मोठी प्रत घ्यावी.

येथवर कायद्याची व कारागिरीची बाजू झाली. परंतु आमच्या विद्यार्थ्याचें अधिक नुकसान मोबदल्याच्या पत्रानें केलें नाहीं. तें चिटणिसांच्या त्या एका प्रश्नानें केलें. समजा, तें दालनाचें चित्र पूर्ण विनामूल्य असतें व कर्त्याचें नांवही खालीं छापलें असतें, तरी "ही खोली कोठें आहे?" हा प्रश्न उरलाच असता. चित्रही बोलतें. दुकानाच्या नांवाखालीं दालनाचें चित्र घातलें कीं, 'हें आमचें आहे' असें तें वाचणाऱ्यास सांगतें. २०१९ सालच्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणास दिला आहे. पण दंडाची गोष्ट दूरच राहो. ज्यांनीं आपल्या गांवांत, ओळखीच्या माणसांत धंदा करावयाचा, त्यांना गेलेला विश्वास परत मिळविणें दंडापेक्षां जड जातें. म्हणून दुसऱ्याचें चित्र सजावटीपुरतें किंवा वस्तु समजावून देण्यापुरतें वापरावें, व आपलें म्हणून जें दाखवावयाचें तें आपलेंच असावें.

आपलें चित्र काढणें कठीणही नाहीं. सकाळच्या उजेडांत, यंत्रावरील धूळ पुसून, मागचा पसारा बाजूला सारून साध्या फोननें काढलेलें छायाचित्रही छपाईस पुरतें. छायाचित्रकारास पैसे देऊन काढवून घेतलें, तर वेगळा करार नसल्यास आपल्या कायद्याप्रमाणें त्याचा पहिला मालक काढवून घेणाराच ठरतो. आणि साधेपणाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. सर्नमधील जगांतील पहिला वेब सर्व्हर आजही जपून ठेवलेला आहे. ती एक काळी चौकोनी पेटी आहे, आणि तिच्यावर हातानें लिहिलेली एक चिठ्ठी चिकटविलेली आहे कीं, हें यंत्र सर्व्हर आहे, बंद करूं नये. निळे दिवे नाहींत, दालन नाहीं. तरी तिचें छायाचित्र पाहणारा प्रत्येक जण तिच्यापुढें क्षणभर थांबतो.

आमच्या विद्यार्थ्यानें मोबदला देऊन तें प्रकरण मिटविलें, उरलेलीं पत्रकें रद्दींत घातलीं आणि नवीं छापलीं. नव्या पत्रकावर त्याच्या दुकानांतील मेजाचें, मेजावर उघडून ठेवलेल्या एका संगणकाचें व त्याच्या स्वतःच्या हातांचें चित्र आहे. खालीं एवढेंच लिहिलें आहे कीं, यंत्र आपल्या कचेरींत बसवून देऊं व बिघडल्यास त्याच दिवशीं येऊं. पतपेढीचें काम त्याला अद्याप मिळालेलें नाहीं. परंतु जवळच्या एका दवाखान्यानें त्याच्याकडून सर्व्हर बसवून घेतला, आणि तो पाहण्यास चिटणीस स्वतः एकदां जाऊन आले, असें तो मला परवां सांगत होता.

विद्यार्थ्यांना शेवटीं एक लहानसें काम सुचवितों. वडिलांसाठीं किंवा या अंकासाठीं जाहिरातीचें चित्र शोधाल, तेव्हां एक वही करा. तींत चार रकाने आंखा: चित्र कोठून घेतलें, कर्ता कोण, परवाना कोणता, आणि तारीख. जाहिरातीचा मजकूर शाळेंत आणून देतांना त्या वहींतील ओळ मागच्या बाजूस उतरून द्या. पुढील वर्षीं हीं शेवटचीं पानें जमविण्याचें काम माझ्याकडेच आहे. ती ओळ मी प्रत्येकाला विचारणार आहें. पूर्वीं विचारली नाहीं, ही माझी चूक होती.